अर्धा कप चहा विचारणाऱ्या सिस्टरांस

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये मिरजेत तुमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर माझी आई होती. तासगाव तालुक्यातली, खुब्याचं हाड मोडलेली, ‘मला घरी न्या’ म्हणून दिवसभर घोकणारी. डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती आणि आम्ही न भेटताच निघालो. तेव्हाचं राहिलेलं आज लिहिते आहे.

आमच्याकडे जुनी माणसं ‘मिरजेला न्यायला लागतंय’ म्हणाली की घरात सगळे गप्प होतात. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून अवघड दुखणं म्हणजे मिरज हे आमच्या पंचक्रोशीत ठरलेलंच. आईही तेच ऐकत वाढलेली. गोठ्यात पाय घसरून पडली आणि गाडीत घालताना ‘मिरज’ शब्द कानावर आला, तेव्हा दुखण्यापेक्षा भीतीनंच ती जास्त कण्हत होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही तिच्या बांगड्या काढायला आलात. हिरव्या काचेच्या, घट्ट बसलेल्या. दुसरं कुणी कात्री लावली असती. तुम्ही आधी सांगितलंत, ‘आजी, सलाईननं हात सुजतो, मग काच रुतते.’ साबणाचं पाणी आणलंत, अंगठ्याचं मूळ दाबून एकेक बांगडी सोडवलीत. दोन निघेनात. तेव्हा तुम्ही बाबांकडे बघून म्हणालात, ‘दोन वाढवायला लागतील, चालेल ना?’ ‘फोडू का’ नाही म्हणालात. आईनं मान हलवली, ती त्या एका शब्दामुळे. मंगळसूत्र काढतानाही थिएटरात करंट देऊन रक्त थांबवतात, अंगावर धातू नको, हे समजावून ते रुमालात बांधलंत आणि तिच्या देखत बाबांच्या हातात दिलंत. कवळी पाण्याच्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहिलंत.

आणि मग सकाळचा तो चहा. चूक माझी होती, इथं उघड लिहिते. पहाटे सहाला आई चहासाठी कासावीस झाली आणि मी थर्मासमधला अर्धा कप दिला. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. रात्रीपासून काही नाही ना घेतलं, असं दोघांनी विचारलं आणि दोघांनाही आम्ही ‘नाही’ म्हणालो. तुम्ही मात्र आईच्या उशाशी वाकून विचारलंत, ‘आजी, चहा बी नाही ना?’ आई म्हणाली, ‘घोटभर घेतला गं पोरी.’ माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तुम्ही रागावला नाहीत. मला बाहेर नेऊन सांगितलंत की दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच धरतात, सहा तास थांबावं लागतं. कंबरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असली तरी ऐन वेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते, आणि तेव्हा पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. भुलीच्या डॉक्टरांना लगेच कळवलंत. नऊचं ऑपरेशन दुपारी झालं. माझा भाऊ वेळ गेला म्हणून चिडला होता, मी त्याला काही बोलले नाही. त्या अर्ध्या कपाचा विचार करून अजूनही रात्री दचकून जागी होते.

थिएटरातलं आईनंच नंतर सांगितलं. कंबरेखाली बधिर, पण कान जागे. ‘सारखं माझंच नाव विचारत होती गं, आणि डावा पाय का उजवा.’ भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि थिएटर सोडण्याआधी अशी तीनदा पडताळणी करायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली घालून दिली, हे मला पुढं समजलं. आईला एवढंच आठवतं की शेवटी कुणीतरी बाजारात नारळ मोजावेत तसे मोठ्यानं कापडाचे बोळे मोजत होतं आणि हिशेब जुळल्यावरच टाके घालायला लागले. त्या अनोळखी सिस्टरांनाही माझा नमस्कार सांगा.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते दुसऱ्या रात्रीबद्दल. अडीचच्या सुमारास आई सलाईनची नळी ओढायला लागली. ‘म्हशीचं दावं आवळलंय, सोडा कुणीतरी!’ मला ओळखेना. बाजूच्या बाई म्हणाल्या, हात बांधा. मी रडत होते. तुम्ही दिवा लावलात, आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवलात, हात हातात घेऊन सावकाश म्हणालात, ‘आजी, तुम्ही मिरजेत दवाखान्यात आहात. पायाचं ऑपरेशन झालंय. रात्र आहे. ही तुमची लेक.’ चार-पाच वेळा तेच, त्याच आवाजात. मधल्या वेळात ऑक्सिजन पाहिलात, ताप पाहिलात, लघवीची नळी तुंबली नाही ना ते बघितलंत, डॉक्टरांना फोन केलात. मग मला म्हणालात, ‘हे वेड नाही, ताई. या वयात ऑपरेशननंतर होतं असं, बहुतेक निवळतं.’ तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं भावाला नावानं हाक मारली आणि बागेला पाणी दिलं का म्हणून विचारलं.

बाकीचं किती सांगू? दोन-दोन तासांनी कूस बदलणं, टाचांखाली हात घालून कातडी लाल झाली नाही ना ते बघणं, गुठळी होऊ नये म्हणून पावलं वरखाली करायला लावणं, तीन गोळ्यांच्या त्या यंत्रात श्वास ओढायला लावणं. आई दमायची, तुम्ही ‘अजून एकदा’ म्हणायचात. वॉकर धरून ती पहिली चार पावलं चालली तेव्हा तुमचा हात तिच्या कमरेपाशी होता, टेकवलेला नाही, नुसता तयार.

सहा आठवड्यांनी फोटो काढायला आलो होतो. तुमची रात्रपाळी होती, भेट झाली नाही. काउंटरवर बेदाण्यांची पिशवी ठेवली आहे, घरच्या बागेतले आहेत. आईनं स्वतः निवडलेत, दोन दुपारी बसून. उंच खुर्चीवर, पायात उशी घेऊन. मांडी घातली नाही, तुम्ही सांगितलं होतं तसंच.

तुमच्या खिडकीजवळच्या आजींची लेक