आकडा घसरला, मूल नव्हे

संपादक महोदय,

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवरील संशोधनात उपचाराचा परिणाम पुष्कळदा बुद्ध्यांकावरून मोजतात, हे आम्हांला मनापासून खटकते. वेक्सलरच्या बालचाचणीत सरासरी १००, तर तळाचा बुद्ध्यांक ४०. त्याखालची सगळी मुले त्या एकाच आकड्यात कोंबली जातात. मग फरक दिसणार कसा? शिवाय तुलना समवयस्कांशी. मूल दहा शब्दांवरून तीसवर गेले, तरी बाकीची मुले त्याहून वेगाने पुढे गेल्यामुळे बुद्ध्यांक उतरतो. आईवडील हवालदिल होतात, आणि गुणकारी उपचारही निष्फळ ठरू शकतो. म्हणून समवयस्कांशी तुलना करण्याआधीचे, चाचणीत प्रत्यक्ष मिळालेले मूळ गुण प्रसिद्ध करावेत. रोजच्या जगण्यातली कौशल्ये मोजणाऱ्या व्हाइनलँड मापनातले, मुलाची स्वतःशीच तुलना करणारे वाढीचे गुणही वापरावेत.

– बालविकासाचे मूल्यमापन करणारे मानसशास्त्रज्ञ