बचावपटूचे गोल मोजणाऱ्यांस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, मिलान क्लबचा फुटबॉल बचावपटू पाओलो माल्दिनी याच्यावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या खेपेला वाटले आपलाच चष्मा दगा देतोय. अर्ध्या पानाच्या लेखात चौकट एकच, आणि तीत ठळक टायपात काय, तर इटालियन लीगमध्ये ६४७ सामने, २९ गोल. खाली लेखकमहाशयांची हळहळ की एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीच्या मानाने गोल तसे कमीच. वा! उद्या एखाद्या यष्टिरक्षकावर लेख आला तर त्याने गोलंदाजी करून किती बळी घेतले तेही छापा, आणि कमी भरले म्हणून हळहळा.

लेखक तरुण असावेत. तरुण असणे हा काही गुन्हा नाही. पण पान लावणाऱ्यांपैकी एकालाही शंका येऊ नये? बरे, सोबतचा फोटो. खाली नाव माल्दिनीचे आणि खेळाडूच्या पाठीवर ६ हा आकडा. माल्दिनीचा नंबर ३. मिलानमधला ६ नंबर फ्रांको बारेसीचा, आणि १९९७ साली तो निवृत्त झाल्यावर क्लबने तो नंबर पुन्हा कोणाला दिलाच नाही. म्हणजे बचावपटूवर लेख लिहायचा, तोही दुसऱ्याच बचावपटूचा फोटो लावून. सगळे सारखेच दिसत असतील तुम्हाला.

लेखात २००५ च्या इस्तंबूलमधल्या, युरोपच्या करंडकाच्या अंतिम सामन्याचे वर्णन मात्र रंगून केले आहे, कारण तिथे माल्दिनीने पहिल्याच मिनिटात गोल केला होता. कोणत्याही बचावपटूला विचारा, त्या रात्रीचे त्याला काय आठवेल. हाफ टाइमला मिलानची ३-० अशी आघाडी असताना लिव्हरपूलने नंतर सहा मिनिटांत केलेले तीन गोल आठवतील. पुढे पेनल्टीवर सामनाही गेला. स्वतःचा गोल आठवला तर सगळ्यात शेवटी.

आणि जो सामना लिहायला हवा होता तो लेखात नाहीच. मे १९९४, अथेन्स, त्याच करंडकाचा अंतिम सामना, समोर बार्सिलोना. मिलानच्या बचावाचे मधले दोन्ही खांब, बारेसी आणि कोस्टाकुर्ता, बंदीमुळे बाहेर. समोर स्टोइचकोव्ह आणि त्या मोसमात स्पॅनिश लीगमध्ये ३० गोल ठोकून आलेला रोमारिओ. एरवी डाव्या बगलेला खेळणाऱ्या माल्दिनीला मधे आणले, जोडीला फिलिप्पो गाल्ली. निकाल ४-०. लोकांना साविचेविचने गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचललेला चेंडू आठवतो, आणि आठवायलाच हवा, तो गोल होताच तसा. पण बार्सिलोनाच्या नावापुढचे ते शून्य कोणी काढले? शून्याचा रिप्ले दाखवत नाहीत. त्याच मोसमात मिलानने लीगही जिंकली, ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल करून. आमच्या भाषेत सांगायचे तर खाल्ले, म्हणजे स्वतःवर होऊ दिले, १५. ही आकडेवारी चौकटीत टाकायची, साहेब. २९ नव्हे.

आता मी एवढा का चिडलो, ते सांगतो. विषय थोडा खासगी आहे.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या कार्यालयाच्या संघातून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळत असे. माल्दिनीच्या पासंगालाही पुरणार नाही असा खेळ, हे आधीच कबूल करतो. पण एका मोसमात आम्ही आंतरकार्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. प्रतिस्पर्ध्यांचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे सहा फुटी धिप्पाड गडी, उपांत्य सामन्यात तीन गोल मारून आलेला. आमच्या गोलरक्षकाने आदल्या रात्री झोप घेतली नसावी. मी त्या गड्याचे दोन सामने कडेला बसून पाहिले होते. तो पक्का डावखुरा. चेंडू उजव्या पायावर आला की त्याला एक जास्तीचा स्पर्श लागायचा, बस, तेवढ्या एका स्पर्शावर मी दिवस काढला. समोर सरळ उभे राहायचे नाही, अंग थोडे तिरपे ठेवायचे, त्याला उजवीकडची वाट मोकळी सोडायची आणि त्याच्या पायांकडे न बघता कमरेकडे बघायचे. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. घाईने पाय घालायचा नाही. तो वळला की आपण अर्धे पाऊल आधीच तिथे. ७७ मिनिटे त्या माणसाला गोलकडे तोंड करून धड एक फटका मारता आला नाही.

७८ व्या मिनिटाला कॉर्नर. चेंडू जवळच्या खांबापाशी खाली आला, आमचा गोलरक्षक 'माझा' म्हणून ओरडला म्हणे, मला ऐकू आले नाही, मी पाय पुढे केला, चेंडू नडगीला लागला आणि आत. १-० ने हरलो. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पेला कोणाला मिळाला असेल? बरोबर. त्याच गड्याला.

दुसऱ्या दिवशी आपल्याच वृत्तपत्रात तीन ओळींची बातमी. त्यात संपूर्ण अंतिम सामन्यातून एकाच खेळाडूचे नाव, माझे, आणि पुढे 'यांच्या हलगर्जीपणामुळे'. आडनावाची वेलांटीही चुकवलेली. खुलासा म्हणून मी तेव्हा पत्र पाठवले होते. छापले नाही. आईने मात्र ते कात्रण कापून ठेवले. मुलाचे नाव पेपरात आले, तिला तेवढे पुरे होते. चुकलेली वेलांटी तिने बॉलपेनने दुरुस्त केली आणि 'हलगर्जीपणा' तसाच राहू दिला. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

स्वयंगोलाची किंमत कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबारने १९९४ साली काय मोजली हे साऱ्या जगाला ठाऊक आहे; विश्वचषकातल्या त्या गोलानंतर काही दिवसांतच त्याला गोळ्या घालून मारले. त्याच्याशी माझी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढेच म्हणतो की नाव छापायची वेळ आली की बचावपटू तेव्हाच आठवतो.

पुरस्कारवाले तरी कुठे वेगळे आहेत? वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर १९५६ पासून देतात. बचावपटूंपैकी बेकेनबाउरला दोनदा, समरला १९९६ मध्ये, कानावारोला २००६ मध्ये. संपली यादी. माल्दिनी दोनदा तिसरा आला, १९९४ आणि २००३. पाच वेळा युरोपचा करंडक उचललेला माणूस! आणि आपले लेखक म्हणतात गोल कमी.

मोजायचेच असेल तर मोजण्यासारखे आणखी एक आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका गोलरक्षकांना इतर माणसांइतकाच, पण बचावपटूंना जवळजवळ पाचपट. डोक्याने चेंडू परतवण्याशी याचा संबंध असावा असा संशय आहे. म्हणजे आयुष्यभर उंच चेंडू डोक्यावर घ्यायचे ज्याने, धोकाही सर्वांत जास्त त्यालाच. अलीकडे किल्ली कुठे ठेवली ते मला सापडत नाही, तेव्हा बायको म्हणते, वयामुळे. मी काही बोलत नाही. पण त्या कॉर्नरचे सगळे लख्ख आठवते, चेंडूवर कोणत्या बाजूला चिखल होता तेसुद्धा.

असो. लेखाचा फोटो आणि चौकट या दोन्हींची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर यावी, नवव्या पानाच्या तळाशी हवामानाखाली नको, ही विनंती. लेखकांना माझा राग नाही. त्यांना १९९४ च्या त्या सामन्याचे चित्रीकरण मिळवून द्या आणि चेंडूकडे न पाहता नव्वद मिनिटे फक्त माल्दिनीकडे बघायला सांगा. सुरुवातीला कंटाळा येईल.

आणि जाता जाता, शब्दकोड्याची चौकट जाहिरातीसाठी इतकी आक्रसली आहे की एका घरात जोडाक्षर मावत नाही. गेल्या मंगळवारी उभ्या शब्दांत १४ नंबरची सूचनाच नव्हती. आमच्यासारख्या माणसांची सकाळ त्यावर जाते, हे ध्यानात असू द्यावे.

आपला,
गेली बेचाळीस वर्षे वर्गणीदार असलेला एक स्टॉपर

(नाव छापू नये. एकदा छापून आले आहे.)