समासातल्या पेन्सिलीचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पुण्यात राहून भयकथा लिहिणाऱ्यांनी काकांना हाक मारणं तसं जोखमीचंच. पण गूढ, भय, रहस्य असं जे काही आम्ही दिवाळी अंकांसाठी लिहितो, त्याचे खर्डे आषाढ लागला की तुमच्याकडेच येतात. मुद्रितशोधनातून निवृत्त होऊनही तुम्ही ते पेन्सिल घेऊन वाचता. म्हणून हे जाहीर आभार.

शनिवारवाड्यातल्या हाकेला तुम्ही पहिल्यापासून बंदी घातलीत. नारायणरावांचा खून १७७३ सालचा, हाक सगळ्यांच्या तोंडपाठ; वाचकाला आधीच ठाऊक असलेलं भय त्याला काय घाबरवणार? ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका मात्र तुम्ही आवडीने सांगता. धंद्यातली सर्वांत महागडी दुरुस्ती म्हणून!

खरं ऋण आहे ते क्रियापदांचं. मराठीत खुनी लपवणं अवघड, कारण ‘गेलो’ की ‘गेले’ यातच अर्धं रहस्य फुटतं. निवेदक ‘मी’ असेल आणि तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नसेल, तर ‘मी जिना चढलो’ चालत नाही. तिथे तुम्ही लिहिलंत, ‘पायऱ्या मोजल्या. बावीस.’ क्रियापद पायऱ्यांमागे गेलं, माणूस अंधारात राहिला. ‘दार उघडलं’, ‘दिवा मालवला’ हेही तसंच. ‘येईन’ला तर लिंगच नाही. फसवतात ती ‘विसरणे’सारखी क्रियापदं; वाटतात सकर्मक, पण वळतात कर्त्याकडे. म्हणून ‘किल्ली विसरलो’ खोडून ‘किल्ली घरीच राहिली होती’. शिवाय खाली बारीक अक्षरात इशारा: हे पानभरच करा, पुढे पंचनामा वाटू लागतो. मधे कुणाला तरी बोलू द्या.

दुसरी शिकवण नळाची. गुरुवारी पाणी बंद, घरात कुणी नाही, आणि मोरीतून बादली भरल्याचा आवाज. पुणेकर वाचकाला यापुढे भूत दाखवायची गरजच नाही, असं आम्हाला वाटलं. समासात तुमचा प्रश्न: ‘गच्चीवर टाकी आहे का?’ टाकी असेल तर गुरुवारीही नळाला पाणी येणारच, मग भीती कसली! टाकी रिकामी असल्याचं आवाजाच्या बरंच आधी, दुसऱ्याच कामाच्या ओघात सांगून ठेवावं लागतं. आवाजानंतर सांगितलं तर तो खुलासा होतो, आणि खुलाशाने कुणी घाबरत नाही. रहस्यकथेतल्या धाग्यालाही हेच लागू: औषधाची बाटली ताकाचं भांडं आणि विळी यांच्या मधे ठेवायची, शेवटी नाही. यादीतली शेवटची वस्तू लक्षात राहते.

नारायण पेठेतल्या नदीकाठच्या वाड्यात, तळमजल्याच्या फडताळात १९५८ सालची पत्रं कोरडी ठणठणीत सापडतात, यावर तुमचा एकच शब्द होता: ‘पानशेत?’ १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या भागात पाणी कुठवर चढलं होतं हे विसरून चालत नाही. पत्रं माळ्यावर हलवणं सोपं होतं. तुम्ही ती भिजू दिलीत. शाई वाहून गेली, पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी तेवढ्या उरल्या, आणि कथेला नसलेला पुरावा मिळाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चांदणं पाडणाऱ्यांना तुम्ही नुसतं ‘अमावास्या’ लिहून परत पाठवता. चंद्र मध्यरात्रीच हवा असेल तर वद्य अष्टमी घ्या, गोकुळाष्टमी आठवा, हेही तुमचंच.

बाकी ‘अचानक’, तीन-तीन टिंबं, उद्गारचिन्हांच्या रांगा, ‘अंगावर काटा आला’ (तो वाचकाच्या अंगावर यायचा असतो) यांवरच्या फुल्यांबद्दल आता आमची तक्रार नाही. ‘मोबाईलला रेंज नव्हती’ यावरच्या फुलीबद्दल थोडी आहे. पण फोन लागतो, पलीकडचा नीट ऐकतो आणि तरी त्याला खरं वाटत नाही, हे जास्त वाईट, हे मान्य.

या लेखनातला आनंद कुठे असतो, असं लोक विचारतात. आमच्यापुरता तो तुमच्या कोऱ्या समासात असतो. सोळा पानं फुल्या, मग शेवटची अडीच पानं स्वच्छ, आणि त्यातच ‘मूर्ती’ची वेलांटी पहिली राहून गेलेली. ती तुमच्या नजरेतून सुटली, म्हणजे हातातली पेन्सिल थांबली होती. अशी चूक आम्ही मुद्दाम करत नाही, पण सुटली की पेढे वाटावेसे वाटतात.

यंदाचे तीन खर्डे सोबत आहेत. डावीकडे दीड इंच समास सोडला आहे.

आपले,
आषाढातले भुताळी

ता. क. टाकीचं आधीच सांगितलंय. चौथ्या परिच्छेदात, धुणं वाळत घालताना.