न्यूट्रलमध्ये गाडी लावू नकोस

काळाचौकी, मुंबई
11 जानेवारी 2026

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

तिळगुळाच्या डब्यात पत्र बघून हसशील. पण फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो बाबा, माहितीये बाबा" करत दुसरीकडे लॅपटॉप बडवत असतेस. कागद तरी हातात धरावा लागतो. शिवाय यात माझा एक गुन्हा कबूल करायचा आहे, तो आईसमोर फोनवर बोलता आला नसता.

26 जानेवारीच्या सुट्टीत तुम्ही चौघी मोहालीहून मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंगला जाताय, आणि आपली जुनी गाडी नेताय, हे परवा तुझ्या आईकडून कळलं. जा. मी अडवणार नाही. सैन्यात असताना बर्फात ट्रक चालवलाय, नंतर 21 वर्षं बेस्टची बस चालवली, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला घरी बसवायला मला जमत नाही. पण तुला गाडी शिकवली ती मी, मुंबईत. आणि मुंबईसाठी जे शिकवलं त्यातल्या दोन-तीन गोष्टी तिकडे घात करतील. त्या मीच पुसून टाकायला हव्यात.

पहिली म्हणजे आपल्या बिल्डिंगची सवय. आपल्याकडे एकाच्या मागे एक गाड्या लावतात, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना निघायचं असलं की वॉचमन ढकलून बाजूला करतो. तुझ्या हाताला तेच वळण लागलंय. गेल्या दिवाळीत तू पनवेलच्या आत्याकडे उतारावरही तशीच लावली होतीस, मी गुपचूप जाऊन गिअर टाकून आलो. सोलंगला ही गाडी रात्रीत स्वतःच्या पायाने दरीकडे निघेल.

मग हँडब्रेक ओढून ठेवावा असं वाटेल. तेही नको. दिवसभर बर्फाचं पाणी मागच्या चाकात गेलेलं असतं, रात्री ते गोठतं आणि ब्रेक तिथेच चिकटतो. सकाळी हँडब्रेक खाली केलास तरी मागची चाकं जागची हलत नाहीत. तेव्हा गाडी उभी करायची ती गिअरमध्ये: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकाखाली दगड किंवा लाकडाचा गुटका. स्टिअरिंग अशा बाजूला वळवलेलं की गाडी सरकलीच तर डोंगराला टेकेल, दरीकडे जाणार नाही. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाक. आपल्या कसारा घाटात लोक दगड रस्त्यातच सोडून जातात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो, तसलं काम आपल्या घरातून व्हायला नको.

आता माझा गुन्हा. मे महिन्यात तू गाडी मोहालीला नेलीस, त्याच्या आदल्या रात्री रेडिएटरचं पाणी कमी दिसलं म्हणून मी नळाचं पाणी ओतलं होतं. थोडंथोडकं नाही, बाटलीभर. त्याआधीही दोन-तीनदा ओतलंय. मुंबईत काय फरक पडतो? इथे आज सकाळी 17 अंश होतं तर अख्खी चाळ कानटोप्या घालून बसली होती. पण पाणी गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगतं. लोखंडाचं इंजिनही त्याला अडवू शकत नाही, ब्लॉकला तडा जातो. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असलं तर ते उणे 35 अंशांपर्यंत टिकतं. आपल्या गाडीत आता किती राहिलंय देवालाच ठाऊक. म्हणून निघायच्या आधी मोहालीतच सगळं काढून नवीन भरून घे. पैसे मी पाठवतो, चूक माझी आहे. वायपरच्या टाकीतलं शाम्पूचं पाणीही काढ, त्यात थंडीत न गोठणारं वॉशर लिक्विड घाल. बॅटरी तीन वर्षांची झाली आहे, तीही तपासून घे. शून्य अंशाला बॅटरीचा साधारण तिसरा हिस्सा जोर निघून जातो, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन जास्त जोर मागतं.

टायर बघ. आपल्या कायद्यात 1.6 मिलिमीटर नक्षी उरली तरी टायर चालतो, पण बर्फात 4 मिलिमीटरच्या खालचा टायर मी गोटाच समजतो. हवा कमी केली की पकड वाढते असं कुणीतरी शहाणा सांगेल, ऐकू नकोस. थंडीने हवा आपोआपच उतरते, दर पाच-सहा अंशांना जवळजवळ एक पॉइंट. मनालीत सकाळी थंड टायरवर मोजून कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणून ठेव.

चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी. ही भाड्याने मिळते, पण विकत घे आणि मोहालीत पार्किंगमध्ये दोनदा लावून बघ. उणे तापमानात, हाताला बधिरता आलेली, मागून हॉर्न वाजताहेत, अशा वेळी पहिल्यांदा चेन उलगडणारा माणूस रडतो. आम्ही रडलोय. आपल्या गाडीची पुढची चाकं ओढतात, तेव्हा चेन पुढच्या चाकांना. लावून शंभरेक मीटर जा, उतर, पुन्हा ताण. तिच्यावर 40 च्या वर जायचं नाही, आणि डांबर दिसलं की काढायची, नाहीतर चेनही जाते आणि टायरही.

चालवण्याचं फार सांगत नाही. तुला पहिल्या पावसातली मुंबई माहीत आहे. जूनच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा आपण कसं चालवतो? ब्रेक हलका, स्टिअरिंग हळू, पुढच्यापासून लांब. बर्फात तेच, फक्त दहापट. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचल, उताराला गिअरवर उतर. एक फरक मात्र आहे. आमच्या शक्तिमान ट्रकला ब्रेक पंप करत थांबवावं लागायचं, दाब-सोड, दाब-सोड, आणि मी तुलाही ते कौतुकाने दाखवलं होतं. विसर. तुझ्या गाडीत एबीएस आहे, ते हेच काम माझ्या पायापेक्षा कितीतरी वेगात करतं. ब्रेक एकदा दाबून धरायचा. पायाखाली पेडल खडखड थरथरेल, घाबरून सोडू नकोस.

ताज्या भुसभुशीत बर्फाला मी फारसा घाबरत नाही, तो दिसतो तरी. पुलावर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणावर काचेसारखा पातळ थर असतो, त्यातून खालचं डांबर दिसतं म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. ओल्या रस्त्यावर टायरचा चुरचुर आवाज येतो. तो एकदम बंद झाला की समज, तू बर्फावर आहेस. तेव्हा काहीही करू नकोस. ॲक्सिलरेटर सोड आणि गाडीला सरळ जाऊ दे.

सोलंगला दुपारच्या आधी पोच. रस्त्यावर पोलिसांनी फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडायला सुरुवात केली असेल तर हुज्जत नको. मनालीत गाडी ठेवा आणि तिथली जीप करा. पैसे जातील, जाऊ देत. आणि अटल टनेल बघायचा मोह आवरा. 9 किलोमीटरचा बोगदा आहे, 2020 मध्ये सुरू झाला, देखणा आहे म्हणतात, पण पलीकडे लाहौलमध्ये हवा वेगळी असते. इकडून ऊन बघून गेलेले तिकडून येताना बर्फात सापडतात. 2024 च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगद्याच्या मध्ये शेकडो गाड्या अशाच रात्री अडकल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचं शिमला केंद्र काय म्हणतंय ते बघ. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस घेऊन येणारं वादळी हवामान, येतंय असं दिसलं तर सुट्टी मोहालीतच छोले खाऊन काढा.

जागा निवडताना आधी वर बघ. देवदाराच्या फांदीवर बर्फ साचलेला असेल तर खाली लावू नको. उतरत्या पत्र्याच्या छपराखाली तर अजिबात नको, उन्हाने अख्खा थर एकदम घसरतो आणि गाडीचं टप बसतं. मोकळ्या उताराच्या पायथ्यालाही नको. मग खाली बघ: रस्त्याची कड समजून ज्यावर चाक घालशील ते बर्फाने भरलेलं गटार असू शकतं. जेसीबी रात्री बर्फ ढकलत येतो, त्याला वाट सोड, नाहीतर तो सगळा ढीग तुझ्याच दारात घालून जाईल. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेव. वायपर उभे कर, काचेवर जुनी चादर टाक. सकाळी काचेवर गरम पाणी ओतणारे दिसतील, त्यांच्या काचा तडकतात तेव्हा लांबून बघ.

आता जे लिहायला मी एवढी पानं घेतली ते. 1989 च्या नोव्हेंबरात द्रासच्या अलीकडे आमचा कॉन्व्हॉय अवेळी आलेल्या बर्फात थांबला. मी 23 वर्षांचा. मी आणि एक साताऱ्याचा पोरगा ट्रकच्या मागे ताडपत्रीत शिरलो, कोळशाची सिगडी पेटवली आणि थंडी येऊ नये म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली. छान ऊब आली. डोकं थोडं जड झालं, वाटलं दमणूक आहे. आमचे उस्ताद गढवाली होते, रात्री गाड्या मोजत फिरायची त्यांना सवय. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी दोर कापला आणि पायाला धरून आम्हाला बाहेर ओढलं. मला शुद्धीवर आल्यावर आधी उलटी झाली, मग थप्पड बसली. पोरगाही वाचला. वास नव्हता, धूर नव्हता, गुदमरलं नव्हतं. नुसती झोप येत होती.

गाडीचा हीटर लावून बसलात आणि मागे सायलेन्सर बर्फात बुजला की त्या सिगडीतला तोच बिनवासाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, आत येतो. हिंदमाताला पाणी भरलं की मी तुला म्हणायचो, इंजिन बंद करू नको, सायलेन्सरमध्ये पाणी जाईल. बर्फात याच्या उलट. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीला बर्फ बघायला गेलेली वीसहून जास्त माणसं अडकलेल्या गाड्यांमध्येच गेली, कुटुंबंच्या कुटुंबं. काही थंडीने, काही या वायूने, असं तेव्हा वाचलं होतं. मी तो पेपर त्या दिवशी तुझ्या हाती लागू दिला नव्हता.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. 112 ला फोन. तासाभरात दहा मिनिटं इंजिन, आणि प्रत्येक वेळी चालू करण्याआधी एकीने उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढायचा. ज्या बाजूने वारा नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी. चौघींनी एकदम झोपायचं नाही, एक जागी. कुणाचं डोकं दुखलं किंवा मळमळलं तर इंजिन बंद, दारं उघडी, मग थंडी वाजली तरी चालेल. म्हणून टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेव, आणि डिकीत फावडं, ब्लँकेटं, टॉर्च, पाणी. खायला आई देतेच आहे.

मैत्रिणींना हे पत्र वाचून दाखव. त्या हसतील, हसू दे.

तुझा,
बाबा

ता. क. दाराचं रबर गोठून चिकटतं, त्याला काहीतरी चोपडावं लागतं. आईने त्यासाठी डब्यात खोबरेल तेलाची बाटली ठेवली आहे. ते मोहालीत पोचेपर्यंतच दगड होईल, हे मी तिला सांगितलेलं नाही. तू व्हॅसलीन लाव, आणि गाडी लावून झाली की मला एक फोटो पाठव. डोंगराचा नको, चाकाखालच्या दगडाचा.