ख्रिस्ती बाई म्हणजे फ्रॉक आणि बाटली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या मनोरंजन पुरवणीत रात्रीच्या त्या मालिकेचे परीक्षण वाचले. त्यातली शेजारची 'आंटी' आपल्या समीक्षकांना 'धमाल' वाटली. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, गळ्यात ठसठशीत क्रूस, फडताळात बाटली आणि तोंडी 'तुम कायको टेन्शन लेता है मॅन'. यात धमाल काय आहे? माझ्या लहानपणीच्या हिंदी सिनेमातही हीच बाई होती. तेव्हा तिला साहेबाची टायपिस्ट करत, नाहीतर क्लबात नाचवत. घरंदाज नायिका साडीत आणि वाया गेलेली रोझी स्कर्टमध्ये, ही विभागणी मराठी मालिकांनी जशीच्या तशी उचलली आहे.

मी वसईची, तिथल्या ख्रिस्ती कुपारी समाजातली. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, मरणाच्या प्रार्थनाही मराठीत होतात. माझ्या आईने जन्मभर लाल लुगडे नेसले आणि वाडीतली भाजी, केळी मुंबईच्या बाजारात विकून आम्हाला मराठी शाळेत शिकवले. अशी बाई मला मालिकेत कधी दिसली नाही.

माझी भाची राज्य नाट्य स्पर्धेत कामे करते. तिला एका मराठी मालिकेच्या ऑडिशनला बोलावले. भूमिका ख्रिस्ती नर्सची. तिने संवाद स्वच्छ म्हटला, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "तू ख्रिश्चन वाटत नाहीस. जरा तोडून बोल. 'मी जाते' नको, 'मी जातो मॅन' म्हण." ती म्हणाली, "सर, मी ख्रिश्चनच आहे, आम्ही घरी असे बोलत नाही." त्यावर उत्तर आले, "असशील गं, पण प्रेक्षकाला कळायला नको?" काम हवे होते म्हणून पोरीने ते वाक्य मोडून म्हणूनही दाखवले. "तुला जमत नाहीये," असे सांगून तिला परत पाठवले. ख्रिस्ती मुलीला ख्रिस्ती असणे जमत नाही, हे ठरवणारे हे कोण? त्या रात्री ती जेवली नाही. आजही तो विषय काढला की माझे डोके तापते.

हिंदी मालिकेतली मोलकरीण हमखास मराठी असते, यावर आपल्याच पत्रव्यवहाराच्या सदरात संतापाची पत्रे येतात, आणि ती रास्तच आहेत. मग तोच अन्याय आपण आपल्या मालिकांत दुसऱ्यांवर का करतो? दक्षिणेकडचा माणूस आला की 'अय्यो', ख्रिस्ती आला की बाटली.

1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी गोन्साल्विस देशी दारूचा गुत्ता चालवतो. ज्यांच्यावरून ते नाव घेतले, ते गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक होते. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरू. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. गोव्याच्याच चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजला. या माणसांनी हिंदी सिनेमाचे संगीत उभे केले आणि त्याच सिनेमाने त्यांच्या समाजाला झिंगताना दाखवले. हे मला फार लागते.

आमच्या वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वाटले होते की निदान आता तरी चित्र बदलेल. अजूनही मला लग्नकार्यात विचारतात, "तुमचे मराठी इतके चांगले कसे?" हयातभर मराठी शिकवलेल्या बाईने याला काय उत्तर द्यावे? विचारणारी माणसे वाईट नसतात. त्यांनी आम्हाला फक्त पडद्यावर पाहिलेले असते.

आणि जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दलही लिहिते, रागावू नये. आपल्या नाताळच्या पुरवणीत दरवर्षी वांद्र्याची रोषणाई, केक आणि वाइन एवढेच असते. वसईचे नावही नसते. या डिसेंबरात आपला वार्ताहर नंदाखालला किंवा निर्मळला पाठवावा. नाताळच्या रात्रीची मराठी गायने त्याने ऐकावीत, लुगडे नेसून मिस्साला आलेल्या म्हाताऱ्यांशी बोलावे आणि छायाचित्र त्यांचे छापावे. त्याच्या जेवणाची सोय मी करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई