माणदेशातल्या बायकांची नोंदवही : फोटो, कागद, वेळ आणि वर्गणीसाठी आवाहन

समस्त माणदेशी बंधू-भगिनींना, गावात राहणाऱ्यांना आणि पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांनाही सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या महिला विभागाने सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यांतल्या कर्तबगार बायकांची नोंदवही करायला घेतली आहे. त्यासाठी घरातले जुने फोटो, जुने कागद, आपला थोडा वेळ आणि वर्गणी, असं सगळंच हवं आहे. वर्गणी मुद्दाम शेवटी लिहिली. पैसे कमी पडले तर काम लांबेल. फोटो आणि कागद मिळाले नाहीत तर ते होणारच नाही.

‘कर्तबगार’ म्हटलं की पहिली नावं कोणती निघणार, हे आम्हाला ठाऊक आहे. मोहीची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून तिने अंतिम फेरी गाठली. ट्रॅकवरच्या शर्यतीत अशी मजल १९८४ साली पी. टी. उषाने मारली होती, त्यानंतर कुठल्याच भारतीय महिलेला ते जमलं नव्हतं. सातारची आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती झाली तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. या मुलींचं कौतुक आम्हालाही आहे आणि नोंदवहीत त्या असतीलच. पण त्यांच्या कामगिरीची नोंद सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत आधीच झालेली आहे. त्यासाठी आपल्याला तसदी देण्याचं कारण नाही. तसदी आहे ती बाकीच्यांसाठी.

गेल्या वर्षी एका घरातून आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळातला एक फोटो आला. तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. पुढच्या दोघींच्या डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आहेत, कारण हातोडा चुकला तर तो त्याच बोटांवर बसायचा. उजव्या कोपऱ्यात बाभळीला झोळी टांगलेली आहे आणि झोळीतून एक इवलासा पाय बाहेर आलाय. फोटोच्या पाठीवर शाईने तीन ओळी लिहिल्या आहेत. त्यात कामाचं नाव आहे, मुकादमाचं पूर्ण नाव आडनावासकट आहे, आणि पुढे ‘यांचेसमवेत महिला मजूर’ एवढंच.

तो फोटो आम्ही वाचनालयात टेबलावर ठेवला. येणारे-जाणारे बघत होते, हळहळत होते. मग एक आजी नातवाचा हात धरून आल्या, चष्मा वर-खाली केला आणि बोट ठेवत गेल्या: ही पळशीची, ही बिदालची, ही आमच्या चुलत जावेची बहीण, हिने पुढं पोरीला नर्स केली. नावं मात्र त्यांनाही दोघींचीच आठवली. बाई सासरी माहेरच्या गावाने ओळखली जाते आणि माहेरी सासरच्या. तिचं स्वतःचं नाव दोन्हीकडे मागे पडतं. त्या वर्षी विशीत असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. फोटोवर बोट ठेवून सांगणारी माणसं अजून किती वर्षं मिळतील, हा हिशेब ज्याने-त्याने आपल्या घरापुरता करावा. आमची घाई आहे ती एवढ्यासाठी.

आपल्या भागातले कितीतरी पाझर तलाव, रस्ते, नालाबांध या हातांनी झाले. त्या कामांवर बाईचं नाव जर कुठे लिहिलं गेलं असेल, तर ते मस्टरवर. रोजची हजेरी आणि आठवड्याचा पगार मिळाल्याचा अंगठा. कुणा निवृत्त मस्टर कारकुनाच्या माळ्यावर, कुणा मुकादमाच्या ट्रंकेत अशी जुनी मस्टरं, हजेरीपटाची पानं किंवा निदान हिशेबाच्या डायऱ्या असतील तर रद्दीत घालण्याआधी आम्हाला एकदा दाखवा. फाटकी असली, वाळवी लागलेली असली तरी चालतील.

कागद टिकला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं टिकली. १८५६ आणि १८६८ ची दोन नायगावहून लिहिलेली आहेत, तिसरं १८७७ च्या दुष्काळात जुन्नरजवळच्या ओतूरहून. १८६८ च्या पत्रात गावकरी जिवावर उठलेल्या एका ब्राह्मण तरुणाला आणि महार मुलीला त्यांनी कसं वाचवलं ते आहे. ओतूरच्या पत्रात दुष्काळाचं वर्णन आहे, आणि सत्यशोधकांच्या पकडलेल्या कार्यकर्त्यांना सोडवण्यासाठी त्या थेट कलेक्टरशी कशा बोलल्या तेही. ही पत्रं गहाळ झाली असती, तर पुण्यातली पहिली शिक्षिका म्हणून त्या आपल्याला ठाऊक असत्या. पण गावाला अंगावर घेणारी आणि साहेबापुढे ठामपणे उभी राहणारी बाई कळली नसती. शाळेचा इतिहास इतरांनीही लिहिला असता. हे मात्र त्यांनीच लिहायला हवं होतं, आणि कुणीतरी जपायला.

त्यानंतरच्या काळाकडे या. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावर गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांची नावं आपण दरवर्षी घेतो, घ्यायलाच हवीत. पुढे पत्री सरकारच्या काळात भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी पोचवणाऱ्या, सरपणाच्या भाऱ्यात चिठ्ठ्या आणि हत्यारं लपवून नेणाऱ्या बायका वस्त्या-वस्त्यांवर होत्या, हेही सगळे जाणतात. त्यांतल्या किती जणींची नावं सांगता येतील? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंची हकीकत कळली, कारण नव्वदीतही त्या ती खणखणीत आवाजात सांगत होत्या आणि ऐकणारे टिपून घेत होते. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचं सोंग त्यांनी पोलिस ठाण्यासमोर वठवलं, पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. २०२१ साली हौसाताई गेल्या. ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांच्या हकिकती त्यांच्याबरोबरच गेल्या.

अगदी अलीकडची गोष्टही अशीच आहे. म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. बायका पाच-सहा महिने अक्षरं गिरवून परत मुंबईला गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कुणाचं आधी होतंय ते. हा किस्सा आता जगभर सांगितला जातो. पण त्या दिवशी तिथे बसलेल्या बायका कोण, कुठल्या गावच्या, घरी पोरं कुणाकडे ठेवून गेल्या होत्या, हे म्हसवडच्या बाजारपेठेत विचारून पाहा. किश्शाला पाय फुटले आणि बायका जागच्या जागी राहिल्या. त्यांपैकी कुणी हे वाचत असेल, किंवा आपली आई-सासू त्यांत होती असं कुणाला ठाऊक असेल, तर आम्ही घरी येऊन भेटायला तयार आहोत.

आता थोडं आमच्या रागाचं. राज्य सरकारने २०२३ पासून ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीला, प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांचा सन्मान करायला सुरुवात केली. कल्पना चांगली आहे आणि तिच्यामुळे काही फार लायक बायकांना पहिल्यांदा माईकसमोर उभं राहायला मिळालं. पण कार्यक्रम झाला की शाल कपाटात जाते, श्रीफळाची चटणी होते आणि प्रमाणपत्रावर ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ असं छापलेलं असतं. कार्य कोणतं, ते प्रमाणपत्रावर नसतं. दहा वर्षांनी तिच्या नातीने विचारलं, आजी, तुला हे कशाबद्दल मिळालं, तर कागदावर उत्तर सापडत नाही. सत्कार समारंभ भरवणारी मंडळं तालुक्यात पुष्कळ आहेत, त्यात आणखी एकाची भर आम्हाला घालायची नाही. सरपंचबाईंचा सत्कार आणि फोटोत मधोमध त्यांचे यजमान, हा प्रकारही आम्ही भरपूर पाहिला आहे.

म्हणून नोंदीचा जो फॉर्म केला आहे, त्यात एक अट घातली आहे. कष्टाळू, प्रेमळ, सोशीक, मायाळू हे शब्द चालणार नाहीत. पहिल्या पंधरवड्यात आलेल्या फॉर्मांपैकी बहुतेकांत तेवढेच शब्द होते. लिहिणारे मुलगे होते आणि आईविषयीची माया खरी होती, पण तिने काय केलं ते एका ओळीतही नव्हतं. एका चिरंजीवांना आम्ही फॉर्म परत दिला आणि म्हटलं, आईला विचारून या. ते परत आले तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या: वडील गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने विहिरीचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून घेतलं, क्रेनवाल्याशी भाव कसा ठरवला, सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला तलाठ्याकडे किती खेटे घातले, डाळिंबाची पहिली बाग तेल्या रोगाने गेल्यावर काय केलं. ही नोंद. ‘सोशीक’ म्हटलं की बाईने काय सहन केलं तेवढं उरतं. तिने काय घडवलं ते आम्हाला हवं आहे.

कुणाची नोंद करायची? आमच्याकडे यादी तयार नाही आणि ती आम्ही करणारही नाही. मेंढरांच्या वाड्याबरोबर आठ महिने मुलुख फिरून लोकरीचा, दुधाचा, औषधपाण्याचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी धनगर बाई येऊ शकते. शेकडो बाळंतपणं सुखरूप पार पाडलेली सुईण येऊ शकते. करोनात घरोघरी हिंडलेल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, एसटीच्या महिला वाहक, ऊसतोडीला जाऊनही पोरीची शाळा न मोडणारी आई, तमाशाच्या फडात नाचून भावंडांची शिक्षणं केलेली कलावतीण, सगळ्यांना जागा आहे. माण तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, वॉटर कपमध्ये, पहिला क्रमांक आणला. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या ज्या बायका पहाटे टिकाव-घमेली घेऊन डोंगरावर जात होत्या, त्यांनी एकत्र गटाने नोंद केली तरी चालेल, फक्त प्रत्येकीचं पूर्ण नाव द्या. पूर्ण नावात माहेरचं नाव आणि गाव आवर्जून हवं. जिला बोलायचं नाही, तिच्यावर घरच्यांनी जबरदस्ती करू नये. आणि जी बोलेल, तिला लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय एक ओळही छापली जाणार नाही. ‘हे खोडा’ म्हणाली तर खोडू.

बाहेरगावच्या मंडळींना विशेष विनंती. नवी मुंबईतल्या माथाडी वसाहतींत, पुण्या-पिंपरीत, आणि गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, दुकानांमुळे केरळ-तामिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत आपले लोक पसरले आहेत. पुरुष बाहेर गेला तेव्हा मागे शेत, जनावरं, म्हातारी माणसं आणि घेणेकरी कुणी सांभाळले, हे आपल्याला सांगायला नको. त्या काळातली मनिऑर्डरची पावती, तिने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं इनलँड पत्र, चारा छावणीचं कार्ड, दूध डेअरीचं पुस्तक, बचत गटाचं पहिलं रजिस्टर असं काही जवळ असेल, तर म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गावी याल तेव्हा पिशवीत टाकून आणा. वाचनालयात स्कॅन करून मूळ कागद त्याच दिवशी हातात परत देऊ. येणं जमत नसेल तर मोबाइलवर आईशी तासभर बोला आणि ते रेकॉर्ड करून पाठवा. तिला फक्त एवढंच विचारा: ‘त्या साली तू काय काय केलंस?’ आणि मग मधे बोलू नका.

वेळ देऊ शकणाऱ्यांची गरज सर्वांत जास्त आहे. कॉलेजच्या मुला-मुलींनी रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचं आहे. माणदेशी बोली आहे तशीच ठेवायची. ‘व्हतं’चं ‘होतं’ करायचं नाही. निवृत्त शिक्षकांनी सन-साल आणि गावांची नावं तपासून द्यावीत.

खर्च आम्ही एक लाख ऐंशी हजार रुपये धरला आहे. त्यात एक चांगला स्कॅनर, दोन रेकॉर्डर, वाड्या-वस्त्यांवर जाण्याचं पेट्रोल, आणि नोंदवहीच्या छापील प्रती येतात. प्रत्येक गावच्या शाळेला एक आणि नोंद असलेल्या प्रत्येक बाईला एक प्रत फुकट द्यायची आहे. साधारण पाचशे रुपयांत एका बाईची नोंद पुरी होते. कुणी शंभर दिले तरी पावती मिळेल, कुणी पन्नास हजार दिले तरी पावतीच मिळेल. देणगीदारांचे फोटो, फ्लेक्स आणि व्यासपीठावरच्या खुर्च्या यांची सोय केलेली नाही. पक्षाच्या नावाने वर्गणी घेणार नाही. वर्गणी वाचनालयाच्या कार्यालयात रोख किंवा वाचनालयाच्या नावे धनादेशानेच द्यावी. आमच्या नावाने कुणी दारात पैसे मागायला आला किंवा मोबाइलवर क्यूआर कोड आला, तर देऊ नका आणि आम्हाला कळवा.

पहिल्या टप्प्यातल्या नोंदी आणि फोटो ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, वाचनालयात मांडणार आहोत. त्यात यायचं असेल तर फॉर्म दिवाळीपर्यंत आणि कागद-फोटो रथापर्यंत पोचले पाहिजेत. उशीर झाला तरी आणा, पुढच्या टप्प्यात घेऊ.

एक शेवटची सूचना. जुने फोटो चिकटवहीतून उचकटून काढू नका, पाठीवरचा मजकूर फाटतो. चिकटवहीच घेऊन या. आणि फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल, तर फ्रेमसकट आणा. काढायचा कसा ते इथे बघू.

आपल्या,
वाचनालयाच्या महिला विभागाच्या कार्यकर्त्या