मांजराचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये कशाला?

संपादक साहेब,
पाऊस पडला की गोचीड तापाचे कुत्रे दवाखान्यात यायला लागतात, तेव्हा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा म्हणतात ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की बऱ्याच ठिकाणी सॅम्पल सरळ कोपऱ्यावरच्या माणसांच्या पॅथॉलॉजीत जातं आणि तिथलं मशीन माणसाच्या पेशींवर सेट केलेलं असतं. मांजराच्या लाल पेशी माणसापेक्षा बारीक, प्लेटलेट मात्र मोठ्या, शिवाय त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, मग मशीन मोजणार काय डोंबल! आमच्या मनीचा रिपोर्ट आला, प्लेटलेट एकदम कमी, घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. दुसऱ्या डॉक्टरांनी काचेवर थेंब पसरून, स्टेन करून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कडेला गुठळ्याच गुठळ्या, बाकी सगळं ठीक. कुत्र्यांमध्ये बबेसिया (गोचिडीतून येणारा रक्तातला परजीवी) असेल तर तो पण अशा स्मिअरमध्येच, म्हणजे काचेवर पसरलेल्या थेंबातच, लाल पेशीच्या आत दिसू शकतो, नुसत्या आकड्यात नाही.
आणि त्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज पण माणसांचीच छापलेली, म्हणजे कमाल आहे ना. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख धरतात, आपल्या दीड लाखापासून नॉर्मल, मग कागदावर ठळक काय आणि साधं काय याला अर्थच राहत नाही.
डॉक्टरांनी एवढंच सांगावं, सॅम्पल कुठल्या लॅबला जातंय आणि स्मिअर कोण बघणार. पैसे आम्ही देतोच की.
– एक मांजरवाली, डोंबिवली